वासाला बारापैकी अकरा

तपासनीसकाकांचं नाक गेलं तेव्हा घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण नाक होतं तिथंच होतं. सरळ, लांब, चष्मा पेलणारं. गेला होता तो वास. आठ दिवसांची सर्दी झाली, सर्दी उतरली, आणि नवव्या दिवशी सकाळी काकांनी नेहमीसारखा चहाचा कप नाकाशी नेला तर कपातून नुसतीच वाफ आली. काकांनी काकूंच्या कपात नाक घातलं. मग कॉफीच्या बरणीत, मग मोज्यांत, शेवटी बुटात. बुटातही काही नाही म्हटल्यावर मात्र ते पलंगावर मटकन बसले.

आता दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर त्यानं बायकोला सांगितलं असतं, चार गोळ्या घेतल्या असत्या आणि विषय संपला असता. काकांचं तसं नव्हतं. काका साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं वासतपासनीस होते. वडी हुंगायची आणि पास किंवा नापास असा शिक्का मारायचा, एवढंच काम. पण त्यांच्या नापासपुढं मालकाचंही चालत नसे. निवृत्त झाल्यावर शिक्का कारखान्यात राहिला, नाक घरी आलं, आणि इमारतीनं ते सार्वजनिक करून टाकलं. कुणाचं दूध बिघडल्यासारखं वाटलं, कुणाच्या कपाटामागं उंदीर मेल्याचा संशय आला, कुणाला गॅस गळतोयसं वाटलं, की तपासनीसकाकांना बोलावणं जायचं. काका यायचे, डोळे मिटायचे, दोनदा हुंगायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर अपील नव्हतं. अशा माणसानं 'मला वास येत नाही' म्हणायचं म्हणजे गवयानं बैठकीत 'मला सा लागत नाही' म्हणण्यासारखं.

म्हणून काका चार महिने गप्प राहिले. त्यांनी एक रीत बसवली. कुणी काही हुंगायला आणलं की डोळे मिटायचे, हुंगायचं आणि डोळे न उघडता विचारायचं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" माणूस बिचारा खरं ते सांगून टाकायचा. मग काका म्हणायचे, "बरोबर." लोक खूश होऊन जायचे. उलट काकांचा लौकिक ह्या चार महिन्यांत वाढलाच.

आणि मग एका रविवारी, सकाळी अकरा वाजता, जावई दोन बाटल्या घेऊन आला.

जावयाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मुलगा सरळ, नाकासमोर चालणारा, बँकेत चांगल्या टेबलावर होता. दीड वर्षापूर्वी त्यानं नोकरी सोडली, रीतसर परवाना काढला आणि एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत बिअर बनवायला लागला. साधी नाही. जर्मन पद्धतीची पिल्सनर. काकांना बिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी आग्रह केला म्हणून अर्धा ग्लास घेतला होता, तोही उभ्यानं. पण जावई बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटायचं.

"बाबा, पिल्सनरमध्ये लपायला जागाच नसते," तो बाटली उन्हात धरून म्हणाला. "काळ्या बिअरमध्ये शंभर चुका खपून जातात. ही मात्र पिवळीधमक, काचेसारखी स्वच्छ. वर पांढराशुभ्र, टिकणारा फेस. वास म्हणाल तर ताज्या पावाचा आणि जरासा रानफुलांचा. आणि शेवटी जिभेवर एक कोरडा कडवटपणा. बस. एक गोष्ट बिघडली की सगळी उघडी पडते."

"मग सोपं काहीतरी करायचं होतं," काका म्हणाले.

"सोपं काय, सगळेच करतात."

त्यानं खिशातून एक कागद काढला. लघुउत्पादकांची स्पर्धा होती. जिंकणाऱ्याची बिअर एक मोठं हॉटेल वर्षभर आपल्याकडं ठेवणार होतं. प्रवेशिकेसोबत एका तिऱ्हाईत जाणकाराचं मूल्यांकनपत्र जोडायचं होतं. रंग आणि स्वच्छतेला आठ गुण, फेसाला आठ, वासाला बारा, चवीला सोळा, पिऊन झाल्यावर तोंडात काय उरतं त्याला सहा. एकूण पन्नास.

"जाणकार म्हणजे मी?" काकांनी विचारलं.

"तुमच्याइतकं नाक कुणाचं आहे, बाबा? ही सातवी खेप आणि ही आठवी. दोन्हींतली एकच पाठवता येते. कुठली ते तुम्ही ठरवायचं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेक बाहेर आली. हात पुसत पुसत, शांतपणे, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, "बाबा, नीट बघा हं. आमचं ठरलंय. ह्या वेळी काही झालं नाही तर हा परत बँकेत जाणार. जुन्या साहेबांशी बोलून ठेवलंय मी."

जावई बाटलीवरचा कागद नखानं खरवडत राहिला.

त्याच क्षणी काकांनी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण दारात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागं तळमजल्यावरचे विमावाले. काकांकडं सकाळी अकराला दारू आलीय ही बातमी जिन्यानं वर आणि खाली एकाच वेळी गेली होती.

"मूल्यांकन कसं करतात ते मला विचारा," बाई आत येत म्हणाल्या. "आधी सगळे पेपर वरवर चाळायचे. सर्वांत वाईट कुठला ते हेरायचं. त्याला पस्तीस द्यायचे आणि तिथून वर चढत जायचं."

"बाई, दोनच बाटल्या आहेत."

"दोन असोत की दोनशे. तत्त्व तेच."

विमावाल्यांना चवीत रस नव्हता. बाटलीचा स्फोट झाला तर नुकसान कोण भरणार, ही त्यांची काळजी होती. त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी घरी लोणच्याची बरणी फुटली होती. बरणी फुटते तर बाटली का नाही फुटणार? त्यांनी दोन्ही बाटल्यांवर टॉवेल टाकला आणि स्वतः सोफ्यामागं जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी आणखी एक सल्ला दिला, आणि काकांच्या आयुष्याचं जे काही वाटोळं झालं त्यात ह्या सल्ल्याचा वाटा मोठा आहे. ते म्हणाले, "काका, ग्लास साबणानं स्वच्छ घासून घ्या. तुमच्यासारख्यानं मळक्या ग्लासात तपासणी करणं शोभत नाही."

काकांना ते लागलं. काकूंनी दोन ग्लास नुसते पाण्यातून काढून ठेवले होते. काकांनी त्यातला एक उचलला, मोरीत गेले आणि स्वतःच्या कारखान्याच्या वडीनं तीनदा घासला. आत-बाहेर, कडेकडेनं. दुसराही घासणार होते, पण बाईंनी पुन्हा पस्तिसाचा विषय काढला म्हणून ते घाईनं बाहेर आले आणि म्हणाले, "वास घेताना मला खोलीत माणूस चालत नाही."

एकतीस वर्षं ते हे खरोखरच म्हणत आले होते. आज फक्त कारण वेगळं होतं. जावई, लेक, बाई, विमावाले सगळे अदबीनं जिन्यात जाऊन उभे राहिले. काकूंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

काका एकटे उरले. समोर दोन ग्लास. साध्या ग्लासात त्यांनी सातवी खेप ओतली, घासलेल्या ग्लासात आठवी. मग दारं-खिडक्या बंद आहेत ना ते पाहिलं आणि सातवीच्या ग्लासात चष्म्यापर्यंत नाक खुपसलं. नाकाला फेस लागला. गार वाटलं. बाकी काही नाही. आठवीत खुपसलं. तेच. कोऱ्या भिंतीला नाक लावावं तसं. काका हात जोडून म्हणाले, "एकदाच. आज एकदाच ये." वास आला नाही.

एवढ्यात दाराआडून काकूंचा आवाज आला, "अहो, मका कोण उकडतंय?"

"कुणी नाही!" काका ओरडले. "मला काम करू द्या!"

"पण केवढा वास सुटलाय…"

"बाईंकडं असेल! त्यांच्याकडं रविवारी असतोच!"

काकांनी घाम पुसला आणि डोकं चालवलं. नाक नाही, पण डोळे तर आहेत! रंग दोन्हींचा सारखाच, पिवळाधमक. मग फेस पाहिला. सातवीच्या डोक्यावर फेस चांगला बोटभर उभा होता. आठवीचा मात्र, पाहुणे गेल्यावर यजमानाचं हसू मावळावं तसा, बघता बघता विरून गेला होता. तळाशी चार बुडबुडे तेवढे फिरत होते.

साबणाचा नुसता अंश ग्लासाला राहिला तरी फेस मरतो, हे बिअर करणाऱ्यांचं शेंबडं पोरही सांगेल. साबणात एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं.

काकांचा जीव भांड्यात पडला. निकाल लागला होता. सातवी पास. आठवी नापास. आठवीच्या फेसाला त्यांनी दोन गुण दिले, तेही जावयाची खेप म्हणून. दोन्हींचा एकेक घोट घेतला. दोन्ही कडू लागल्या, आणि जावयानं कडवटपणा हवाच म्हटलं होतं. राहता राहिला वासाचा रकाना. काका बराच वेळ पेन तोंडात धरून बसले. बारा द्यावेत तर डोळ्यांवर येतं. दहा द्यावेत तर कशाचे दोन कापले ते सांगावं लागेल. त्यांनी सातवीच्या वासाला बारापैकी अकरा दिले आणि खाली ठसठशीत सही केली.

जावयानं कागद वाचला. वासाच्या रकान्यावर त्याचा अंगठा थांबला. "बाबा, सातवीचा वास… ठीक वाटला तुम्हाला?"

"उत्तम!"

"म्हणजे मागं काही… जाणवलं नाही?"

"जावईबापू," काका खर्जात म्हणाले, "नाक कुणाचं आहे?"

"तुमचं," जावई म्हणाला, आणि कागदाची घडी घातली.

इथं प्रकरण थांबलं असतं तरी चाललं असतं. पण कागद एकदा कार्यालयात शिरला की तो एकटा बाहेर येत नाही. दुसऱ्या दिवशी काका आणि जावई प्रवेशिका द्यायला गेले. पहिल्या खिडकीवर तीन प्रती मागितल्या. दुसऱ्या खिडकीवर तीनही प्रतींवर मूळ सही मागितली, आणि मूळ सही एकच असते असं काकांनी म्हटल्यावर कारकुनानं त्यांच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. तिसऱ्या खिडकीवरचा कारकून नियमांची पुस्तिका उशाला घेऊन झोपत असावा. त्यानं डोळे न उचलता विचारलं, "मूल्यांकन करणाऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र कुठंय?"

"कसलं?"

"नाक आणि जीभ चालू स्थितीत असल्याचं."

काकांनी खिडकीचा कठडा धरला. "तशी… तशी गरज काय आहे? नाक दिसतंय की."

"दिसणं वेगळं, चालणं वेगळं," कारकून म्हणाला. सबंध प्रकरणात एवढं खरं बोलणारा हा एकच माणूस.

काका घरी येताना ठरवत आले. आता सुटका आहे. डॉक्टर तपासणार, सत्य बाहेर येणार, आपण 'अरेच्चा, कधी झालं हे?' असं म्हणणार. अब्रू अर्धी तरी वाचेल. इमारतीतल्याच डॉक्टरांकडं ते जवळजवळ आनंदानं गेले. खुर्चीत बसले, मान वर केली, नाकपुड्या पुढं केल्या.

डॉक्टर हसायला लागले. "काका, तुमच्या नाकाला मी प्रमाणपत्र देऊ? सूर्याला पणती दाखवण्यातला प्रकार आहे हा! मागच्या महिन्यात माझ्या दवाखान्यातला उंदीर कुणी शोधला?"

"तुम्हीच म्हणालात कपाटामागं वाटतोय म्हणून—"

"आणि तुम्ही म्हणालात बरोबर! निघाला की नाही?"

"डॉक्टर, पण एकदा तपासून बघितलं असतं तर…"

"लाजवू नका," डॉक्टर म्हणाले आणि 'घ्राणशक्ती असामान्य' असं लिहून तीन प्रतींवर सही ठोकली.

असामान्य ह्या शब्दानं घात केला. चार दिवसांनी स्पर्धेच्या सचिवांचा फोन आला. आवाज चिंतेचा. "काका, तुमचं प्रमाणपत्र वाचलं. आमच्यावर उपकार करा. उद्याच्या तीन परीक्षकांपैकी एकांना सर्दी झालीय. नाक बंद. आता नाक बंद असलेल्या परीक्षकाचा काय उपयोग, तुम्हीच सांगा?"

"काहीच नाही," काका अगदी मनापासून म्हणाले.

"म्हणून तुम्ही या."

काकांनी शेवटची काडी धरली. "पण माझे जावईच स्पर्धेत आहेत हो."

"नमुन्यांवर फक्त नंबर असतात. आणि नंबराला सासरा नसतो," सचिव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. काका मागं वळून पाहतात तो काकू, लेक, बाई आणि विमावाले कौतुकानं बघत उभे. बाईंच्या डोळ्यांत तर पाणी होतं. आपल्या इमारतीतला पहिला परीक्षक! काकांनी तिथंच नकार द्यायला हवा होता हे कुणीही सांगेल. पण स्वतःकडं कुणी तसं बघत असताना नकार देऊन दाखवावा आणि मग सांगावं.

सभागृहात लांब टेबल होतं, पांढरी चादर, आणि तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर हॉटेल-शिक्षण देणाऱ्या एक मॅडम, पलीकडं बिअरला लागणाऱ्या माल्टचे एक व्यापारी, अलीकडं काका. समोर खुर्च्यांवर स्पर्धक आणि त्यांची माणसं. तिसऱ्या रांगेत लेक आणि जावई. मॅडमपुढं झाकणबंद कुप्यांची एक पेटी होती. बिअरमध्ये येऊ शकणारे वाईट वास नमुन्यादाखल भरून ठेवले होते, म्हणजे शंका आली तर ताडून पाहता यावं.

पहिला नमुना आला. मॅडमनी ग्लास फिरवला, हुंगला, वासाच्या रकान्यात आठ लिहिले. काकांनी चष्म्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं आणि सात लिहिले. दुसऱ्याला त्यांनी नऊ, काकांनी नऊ. तिसऱ्याला सहा, काकांनी सात. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, हातात पेन धरून, शेजारणीच्या पेपरात बघून लिहिताना काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. शाळेत असताना त्यांनी कधी कॉपी केली नव्हती. दहाव्या नमुन्याला मॅडम हळूच म्हणाल्या, "आपलं किती जुळतं, नाही?" काकांनी मान लववली. एखादं भोक पडेल तर बरं, अशा नजरेनं त्यांनी जमिनीकडं पाहिलं.

चौदावा नमुना आला. मॅडमनी हुंगला. पेन उचललं आणि खाली ठेवलं. व्यापाऱ्यांनी हुंगला आणि ग्लास जरा लांब सरकवला. काका शेजारच्या कागदाकडं बघत राहिले. रकाना कोराच.

"ह्याच्यावर आधी तुमचं मत ऐकायचंय," मॅडम म्हणाल्या. "तुमचा अनुभव मोठा."

काकांनी डोळे मिटले. दोनदा हुंगलं. मग घोगऱ्या आवाजात, जावई बोलला होता ते सगळं आठवून आठवून म्हणाले, "आधी रानफुलं. मग… ताजा पाव. स्वच्छ. बारापैकी अकरा."

व्यापाऱ्यांना तो विनोद वाटला. ते मोठ्यानं हसले. मॅडम हसल्या नाहीत. "काका, मका," त्या हळूच म्हणाल्या. "उकडलेला मका. ग्लास ठेवल्यापासून सगळ्या टेबलाला येतोय. उकळताना भांड्यावर झाकण ठेवलं की असं होतं."

"मका?" काका म्हणाले. "हो, म्हणजे, मागून थोडा मका…"

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग पेटीतली एक कुपी काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या नाकाखाली धरली. पलीकडचे व्यापारी खुर्चीसकट मागं सरले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. पहिल्या रांगेतल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. काकांनी मन लावून हुंगलं.

"हा चांगला आहे," ते म्हणाले. "जरा गुलाबाकडं झुकणारा."

ती सडक्या अंड्याची कुपी होती.

मॅडम भल्या बाई. त्यांनी झाकण लावलं आणि काकांच्या हातावर हलकेच हात ठेवला. त्यांच्या हातात असतं तर सगळं तिथंच झाकलं गेलं असतं. पण नियम क्रमांक नऊ आडवा आला. परीक्षकाचं मूल्यांकन रद्द झालं तर कारण सभागृहात वाचून दाखवायचं. सचिवांनी माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि वाचलं, "परीक्षक क्रमांक तीन यांचे सर्व गुण रद्द. कारण, परीक्षकास वास येत नाही." सभागृहात कुणीतरी शिंकलं. मग मात्र लोकांना हसू आवरेना. त्याच पानावर पुढं चौदाव्या नमुन्याचा निकाल होता. वासाच्या दोषामुळं बाद. नमुना पाठवणाऱ्याचं नाव वाचलं गेलं, आणि तिसऱ्या रांगेतला जावई, नाव पुकारलं की उभं राहायचं असतं म्हणून, उभा राहिला.

सभागृहापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता सरळ होता आणि संपत नव्हता. पुढं लेक चालत होती. मागं काका आणि जावई. जावयाच्या हातात उरलेल्या बाटल्यांचं खोकं. पावलागणिक काच किणकिणत होती.

"चार महिने झाले," काका म्हणाले. "सर्दीनंतर. कुणाला सांगितलं नाही."

जावयानं खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाला, "मला आला होता, बाबा. मक्याचा वास. बाटली भरली त्या दिवसापासून."

काका थांबले. "मग माझ्याकडं कशाला आणलीत?"

"वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. खोलीमालकानं वाफेची तक्रार केली म्हणून त्या खेपेला झाकण ठेवलं होतं मी. आठवीला नाही ठेवलं. मनात शंका होती, म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुम्ही अकरा दिलेत. मग मी म्हटलं, आपल्याला काय कळतंय."

तो रागावला असता तर काकांना सोसलं असतं. तो रागावला नव्हता. बस आली. तिघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

काकूंचं रागावणं मात्र पुरेपूर होतं, आणि पिल्सनरशी त्याचा काही संबंध नव्हता. "चार महिने!" त्या म्हणाल्या. "चार महिने रोज सकाळी शेगडीला नाक लावून 'ठीक आहे' म्हणत होतात! आणि मी काडी ओढत होते!" एवढं बोलून त्या पाटावर बसल्या आणि रडल्या. काकांना काय करावं ते सुचेना. त्यांनी गॅसचं बटण बंद केलं. ते बंदच होतं.

संध्याकाळपर्यंत इमारत येऊन गेली. विमावाल्यांनी काकांच्या शब्दावर जुनी गादी घेतली होती. ती परत हुंगून घ्यायला आता कुणाला बोलवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. बाईंनी चार महिन्यांच्या सर्व निकालांचं फेरमूल्यांकन व्हावं असं सुचवलं आणि यादी करायला घेतली. डॉक्टर स्वतःचं प्रमाणपत्र परत मागायला आले. ते तीन प्रतींत तीन खिडक्यांना लागलं होतं. मग त्यांनी प्रथमच काकांचं नाक तपासलं, विजेरी मारून, दोन्ही बाजूंनी.

"येईल परत?" काकूंनी विचारलं.

"येतोही कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "कधीकधी नाही येत."

सोमवारी जावई बँकेत रुजू झाला. लेकीनं फोनवर सांगितलं, टेबल जुनंच मिळालं, खुर्ची नवी आहे. लाँड्रीची खोली महिनाअखेर सोडायची होती. काकांनी फिरायला जाणं बंद केलं. जिन्यात काका दिसले तर लोक आता आवाज चढवून, सावकाश बोलायचे, जणू त्यांचे कानही गेले होते. एकदा दूधवाल्यानं काकांसमोरच पिशवी हुंगून काकूंच्या हातात दिली. काकांनी पेपर तोंडापुढं धरला.

तिसऱ्या रविवारी दुपारी जावई एकटाच आला. हातात एक बाटली. "आठवीची शेवटची," तो म्हणाला. "खोली रिकामी केली. ही उघडायची राहिली होती."

काकू ग्लास नुसत्या पाण्यातून काढून घेऊन आल्या. जावयानं ग्लास तिरका धरून ओतलं. फेस वर आला, चांगला दोन बोटं, पांढराशुभ्र, आणि तसाच उभा राहिला. काका त्याच्याकडं बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. फेस हलेना.

"ह्याला मी दोन दिले होते," काका म्हणाले.

"साबण होता, बाबा. ग्लासला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आम्ही जिन्यात होतो."

काकांनी घोट घेतला. गार. जिभेला बारीक टोचणी. मग तो कडवटपणा आला, सरळ, कोरडा, आणि गिळल्यावरही जिभेच्या मुळाशी थांबून राहिला. एवढं त्यांना कळलं. आणखी एक घोट घेतला. त्याच्यापलीकडं काहीतरी होतं, असणारच; एका बंद दाराशी आपण उभे आहोत असं त्यांना वाटलं. त्यांनी ग्लास जावयाकडं सरकवला, टेबलावरचा जुन्या पत्राचा कोरा भाग पुढं ओढला आणि त्यावर पाच ओळी आखल्या. रंग, फेस, चव, तोंडात उरतं ते, एकेक करून आपले गुण लिहिले, फारसे थांबले नाहीत. मधली एक ओळ सोडली होती.

"वास सांगा," ते म्हणाले.

जावई घोटाळला. "मी?"

"मग कोण? मला येत नाही."

एवढे शब्द त्यांनी आजवर कुणासमोर उच्चारले नव्हते. सभागृहात ते सचिवांनी वाचले होते. काकू दारात थांबल्या.

जावयानं ग्लास नाकाशी नेला. "पाव," तो म्हणाला. "म्हणजे पावाची करपलेली नाही, नुसती तांबूस झालेली कड. आणि थोडं… ओलं गवत? की फुलं? फुलंच वाटतात." तो थांबला, आणि सवयीनं त्यानं काकांच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"माझ्याकडं बघू नका," काका म्हणाले. "ग्लासकडं बघा."

जावयानं पुन्हा नाक खाली घातलं. काका पेन उघडं धरून थांबले.